अंग बाहेर येत असताना व्यायाम: काय, किती आणि कोणत्या क्रमाने

अंघोळ करताना योनिमुखाशी काहीतरी मऊ, गोलसर हाताला लागते, किंवा संध्याकाळी ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटताना खाली काहीतरी उतरल्यासारखे, जड वाटू लागते. पुष्कळ स्त्रियांना या दुखण्याची पहिली ओळख अशी होते. आपल्याकडे याला ‘अंग बाहेर येणे’ किंवा ‘पिशवी खाली येणे’ म्हणतात. त्यानंतर घरातून, शेजारातून आणि कधी कधी दवाखान्यातूनही पहिला सल्ला मिळतो तो असा की, आता वाकू नका, वजन उचलू नका, व्यायाम तर अजिबात नको. हा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण त्यातला व्यायाम सोडण्याचा भाग मला चुकीचा वाटतो, आणि पुढे जाऊन तो घातकही ठरतो.

कारण सरळ आहे. हे दुखणे बहुधा ज्या वयात डोके वर काढते, त्याच वयात हाडे ठिसूळ होऊ लागतात, रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढू लागतो, मांड्या आणि नितंब यांचे स्नायू सुटू लागतात. व्यायाम थांबला की हे सारे वेगाने घडते. अशक्त झालेली स्त्री मग दळणाचा डबा उचलताना किंवा जमिनीवरून उठताना दम रोखून, पोट खाली रेटून काम भागवते. म्हणजे ज्या दाबापासून तिला वाचवायचे होते, तोच दाब ती रोज स्वतःवर घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला आहे. अंग खाली आल्यामुळे शरीराची ही गरज संपत नाही. बदलायचा असतो तो व्यायामाचा क्रम, श्वासाची पद्धत आणि वाढीचा वेग.

तळ, भार आणि श्वास

ओटीपोटाच्या तळाशी, पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बसवलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय या झोळीवर विसावलेले असतात आणि वरून बंधांनी व आवरणांनी बांधलेले असतात. बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात, ही झोळी ताणली जाते. काही स्त्रियांत तिचा स्नायू हाडापासून सुटतोही. त्यावर वय, पाळी गेल्यानंतर कमी झालेले संप्रेरक, वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ, जुनाट खोकला, वाढलेले वजन आणि सततचे ओझे यांची भर पडते. योनीची पुढची भिंत सैल झाली तर मूत्राशय खाली उतरते, मागची सैल झाली तर मलाशय पुढे फुगते, आणि वरचे बंध सैल झाले तर गर्भाशयच खाली सरकते. गर्भाशय काढलेल्या स्त्रीमध्ये योनीचा वरचा घुमटही खाली येऊ शकतो, त्यामुळे ‘पिशवी काढली, आता प्रश्न मिटला’ असे समजून चालत नाही.

व्यायामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, पोट हे सर्व बाजूंनी बंद असलेल्या भांड्यासारखे असते. वर श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, पुढे आणि बाजूंना पोटाचे स्नायू, मागे कणा आणि खाली ही झोळी. आपण दम कोंडून जोर लावतो तेव्हा वरची आणि बाजूची दारे बंद होतात आणि दाब सर्वांत कमकुवत जागेकडे, म्हणजे खाली जातो. श्वास सोडत जोर लावला तर श्वासपटल वर सरकते आणि तळाच्या स्नायूला आवळून वर येण्यास वाव मिळतो. पुढच्या सर्व पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: तपासणी

या दुखण्याविषयी न बोलण्याची आपली सवय जुनी आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. आज दवाखाने वाढले असले तरी संकोच फारसा कमी झालेला नाही, आणि मोबाइलवर पाहून व्यायाम सुरू करणे हे तपासणीला जाण्यापेक्षा सोपे वाटते. तसे करू नये. योनीशी लागणारी प्रत्येक गाठ म्हणजे खाली आलेले अंगच असते असे नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर ‘थोडे खाली आले आहे’ एवढ्या उत्तरावर न थांबता तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. कोणता भाग खाली आला आहे? तो कोणत्या अवस्थेत आहे? आणि लघवी झाल्यावर मूत्राशय पूर्ण रिकामे होते का? अवस्था मोजण्यासाठी १९९६ पासून पॉप-क्यू नावाची पद्धत वापरली जाते, तीत योनिमुखाची कड हे शून्य धरतात. सर्वांत खाली आलेला भाग कडेच्या वर एक सेंटिमीटरहून अधिक अंतरावर असेल तर पहिली अवस्था, कडेच्या वर किंवा खाली एक सेंटिमीटरच्या आत असेल तर दुसरी, त्याहून अधिक बाहेर आला असेल तर तिसरी, आणि योनिमार्ग जवळजवळ पूर्ण उलटून बाहेर आला असेल तर चौथी. मात्र अवस्था आणि त्रास यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. दुसऱ्या अवस्थेतील एखादीला काहीच जाणवत नाही आणि पहिल्या अवस्थेतील एखादी दिवसभर जडपणाने हैराण असते, म्हणून अवस्थेचा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही.

पाळी गेल्यानंतर रक्त दिसणे, लघवी अडकणे, बाहेर आलेला भाग बोटाने आत न जाणे, त्यावर जखम होणे, घाण वासाचा स्राव, ताप किंवा तीव्र वेदना यांपैकी काहीही असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. अंग पूर्णपणे बाहेर राहत असेल तर आधी उपचार आणि मग व्यायाम, हाच क्रम योग्य आहे.

दुसरी पायरी: योग्य स्नायू ओळखणे

तळाच्या स्नायूंच्या व्यायामाला अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांच्या नावावरून केगेल म्हणतात; त्यांनी १९४८ साली याविषयी लिहिले. नाव आता घरोघरी पोहोचले आहे, कृती मात्र पोहोचलेली नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला सांगितला, तेव्हा जेमतेम निम्म्यांना तो नीट जमला, आणि चौथा हिस्सा स्त्रियांची पद्धत अशी होती की, त्या पद्धतीने लघवी गळण्याचा त्रास उलट वाढावा. आवळण्याऐवजी खाली ढकलणे ही यातली सर्वांत मोठी चूक आहे. अंग खाली येत असलेल्या स्त्रीने ती चूक दिवसातून तीन वेळा केली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून शक्य असेल तर स्त्रियांच्या या आजारांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी हाताने तपासून घ्यावे. मोठ्या शहरांत अशा तज्ज्ञ आता भेटतात. ते शक्य नसेल तर तपासणीच्या वेळीच स्त्रीरोगतज्ज्ञांना ‘मी आवळते, बरोबर होते का पाहा’ अशी विनंती करावी. ती अवाजवी नाही.

घरी शिकताना पाठीवर झोपावे, गुडघे वाकवून पावले जमिनीवर टेकवावीत. दोन-तीन संथ श्वास घ्यावेत, पोट सैल सोडावे. मग श्वास सोडता सोडता, वायू सरकू नये म्हणून गुदद्वार जसे आवळतो तसे आवळावे, आणि तीच पकड पुढे योनीकडे आणि लघवीच्या जागेकडे नेत आत व वर ओढून घ्यावी. वर ओढले जाण्याची जाणीव महत्त्वाची आहे. मांड्या जवळ येऊ नयेत, नितंब घट्ट होऊ नयेत, पोट बाहेर फुगू नये, भुवया आणि जबडा ताणला जाऊ नये, आणि दम तर मुळीच कोंडू नये. हातात छोटा आरसा धरून पाहिले तर योनी आणि गुदद्वार यांच्या मधली जागा किंचित आत खेचली जाताना दिसायला हवी. ती बाहेर फुगत असेल तर आपण ढकलत आहोत असे समजून थांबावे.

आवळण्याइतकेच सैल सोडणे शिकायचे असते. प्रत्येक वेळी पकड पूर्ण सुटेपर्यंत थांबावे. काही स्त्रियांचे स्नायू मुळातच आखडलेले असतात. संबंधाच्या वेळी दुखणे, लघवी सुरू व्हायला वेळ लागणे, माकडहाडापाशी ठसठस राहणे ही त्याची लक्षणे. अशा स्त्रीने नुसते आवळत राहिल्यास दुखणे वाढते, म्हणून तिने आधी तज्ज्ञांकडे जावे. लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा व्यायामही करू नये. स्नायू कोणता हे कळण्यासाठी एखाद्या वेळी धार थांबवून पाहणे वेगळे. त्याचा नेम केला तर मूत्राशय नीट रिकामे होण्यात अडथळा येतो.

तिसरी पायरी: सोळा आठवड्यांचा नेम

योग्य स्नायू सापडला की, दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी आठ ते बारा आवळण्या हे उद्दिष्ट ठेवावे. सुरुवातीला तीन सेकंदही पकड टिकत नाही. टिकेल तेवढी टिकवावी, तितकाच वेळ सैल सोडावे, आणि काही आठवड्यांत सहा ते दहा सेकंदांपर्यंत न्यावी. शेवटी पाच-सहा झटपट आवळण्या कराव्यात, कारण खोकला किंवा शिंक पूर्वसूचना देऊन येत नाही. पहिले तीन-चार आठवडे झोपून, मग बसून, मग उभ्याने, असा क्रम ठेवावा. उभ्याने भार खाली येतो, म्हणून झोपून सहज जमणारी गोष्ट उभ्याने अर्धीच जमते. त्यात निराश होण्यासारखे काही नाही.

या व्यायामाला पुराव्याचा आधार चांगला आहे. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील ४४७ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत, एकीकडे फिजिओथेरपिस्टने १६ आठवड्यांत पाच भेटी देऊन वैयक्तिक व्यायाम शिकवला आणि दुसरीकडे फक्त माहितीपत्रक दिले. वर्षभरानंतर व्यायाम शिकलेल्या स्त्रियांचा त्रास स्पष्टपणे कमी होता. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शनात, पहिल्या व दुसऱ्या अवस्थेतील त्रास असलेल्या स्त्रियांसाठी किमान १६ आठवडे देखरेखीखालील तळाचा व्यायाम हाच पहिला पर्याय म्हणून विचारात घ्यावा असे सांगितले आहे. मात्र जाहिराती देतात तशी खात्री येथे देता येत नाही. जडपणा, ओढल्यासारखे वाटणे आणि लघवीच्या तक्रारी कमी होणे अपेक्षित असते. उतरलेला अवयव वर जाऊन अवस्था एका पायरीने सुधारणे हे थोड्या स्त्रियांमध्ये घडते, आणि पूर्ण बाहेर आलेले गर्भाशय व्यायामाने जागेवर जात नाही. चार आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून पुष्कळ जणी येथेच सोडून देतात. स्नायू बळकट व्हायला तीन-चार महिने लागतात.

चौथी पायरी: उठताना, उचलताना, खोकताना

माझ्या मते सर्वांत अधिक लक्ष या पायरीवर द्यायला हवे, कारण व्यायाम दिवसातला अर्धा तास असतो आणि उरलेला दिवस उचलण्या-ठेवण्यात जातो. २००६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात वेगवेगळ्या कामांच्या वेळी पोटातला दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर सर्रास मना केली जाणारी काही कामे खुर्चीतून उठण्यासारख्या न टळणाऱ्या हालचालींपेक्षा जास्त दाब निर्माण करत नसल्याचे दिसले. वजन कसे उचलले जाते यावर दाब अवलंबून असतो, हेही त्यात दिसले. ‘पाच किलोच्या वर उचलू नका’ असा एकच आकडा सर्वांना लावण्यापेक्षा उचलण्याची पद्धत अंगवळणी पाडणे म्हणूनच अधिक उपयोगाचे आहे.

पद्धत अशी. वस्तूच्या अगदी जवळ उभे राहावे, पावले खांद्यांइतकी दूर ठेवावीत, एक पाय किंचित पुढे. कमरेतून न वाकता गुडघे आणि खुबे वाकवून खाली जावे. वस्तू अंगाशी घ्यावी. आता आत श्वास घ्यावा, श्वास सोडायला लागताच तळ आवळून वर ओढावा, आणि श्वास सोडत सोडतच उठावे. उभे राहिल्यावर पकड सोडून द्यावी. दळणाचा डबा, पाण्याची बादली, नातवंड, ओल्या कपड्यांची टोपली, सगळ्यांना हीच पद्धत लागू पडते. दहा किलो दळण एकाच पिशवीत आणण्यापेक्षा पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या दोन्ही हातांत आणाव्यात. हंडा भरून उचलण्याऐवजी तो उंच कट्ट्यावर ठेवून अर्धा भरावा. गॅसचे सिलिंडर उचलू नये. तिरके करून सरकवावे किंवा दुसऱ्याला सांगावे. भातलावणीसारख्या तासन्‌तास वाकून करायच्या कामात टाळणे हातात नसते, हे खरे आहे. तेथे दर अर्ध्या तासाने सरळ होऊन दहा संथ श्वास घ्यावेत आणि दुपारच्या सुटीत पंधरा मिनिटे आडवे व्हावे.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांवर जोर देऊन श्वास सोडत उठावे. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच, तिच्या आधी तळ आवळावा. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, एवढी एकच सवय लागली तरी खोकताना गळणारी लघवी लक्षणीय कमी होते. ही युक्ती अंग खाली येणाऱ्या स्त्रीलाही तितकीच उपयोगी आहे. मात्र खोकला आठवडेच्या आठवडे टिकत असेल तर युक्तीवर न विसंबता त्यावर उपचार घ्यावेत.

शौचाचे काय? कुंथणे हा या दुखण्याचा सर्वांत नेमाने होणारा आघात आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. रोज सकाळी दहा मिनिटे कुंथणारी स्त्री कितीही चांगला व्यायाम करत असली तरी तिचे कष्ट वाया जातात. पाणी, भाकरी, पालेभाजी, भिजवलेले मनुके, पेरू यांनी मल मऊ ठेवावा आणि तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांकडून औषध घ्यावे. कमोडवर बसत असाल तर पायांखाली पाऊण फूट उंचीचा पाट ठेवावा, कोपरे गुडघ्यांवर टेकवून पुढे झुकावे, तोंड किंचित उघडे ठेवून श्वास सोडावा. उकिडवे बसायच्या शौचकुपात बसणे स्वतः हानिकारक नाही. तेथे कुंथत बसून राहणे हानिकारक आहे.

पाचवी पायरी: अंगाचा व्यायाम

चार ते सहा आठवड्यांनी, आवळणे उभ्यानेही जमू लागले की, उरलेल्या शरीराकडे वळावे. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून चालू ठेवता येते. सपाट रस्त्यावर, सकाळच्या वेळी, आधी दहा-पंधरा मिनिटे दोन वेळा चालावे आणि सोसेल तसे वाढवावे. सकाळीच अशासाठी की, रात्रभर आडवे राहिल्याने अवयव वर सरकलेले असतात आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी तळ थकलेला असतो. पोहणे, पाण्यातला व्यायाम आणि सायकल यांत तळावर भार कमी येतो, म्हणून चालताना जडपणा वाटणाऱ्या स्त्रीने तेथून सुरुवात करावी.

स्नायूंसाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेसे आहेत. सेतुबंधासनात श्वास सोडत कंबर उचलावी, वर तीन-चार श्वास थांबावे, सावकाश खाली यावे. कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, टाचा एकत्र ठेवून वरचा गुडघा उघडावा. भिंतीला हात टेकून दंड काढावेत. खुर्चीच्या कडेवर बसून, हात न टेकता, श्वास सोडत उठावे आणि सावकाश बसावे; ही साधी ऊठबस मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात मांड्या, नितंब, श्वास आणि तळ या चौघांचा मेळ बसतो. हात आणि गुडघे टेकून चौपायी होऊन विरुद्ध बाजूचा हात आणि पाय लांब करणे हा पोट आणि पाठ दोन्हींसाठी चांगला पर्याय आहे. प्रत्येकाची आठ-आठ आवर्तने पुरेत. वजन घ्यायचे झाले तर एक लिटर पाण्याच्या बाटल्यांपासून सुरुवात करावी.

सुरुवातीच्या महिन्यांत काही गोष्टी बाजूला ठेवाव्यात: दोन्ही पाय एकदम उचलणे, नौकासन, पाठीवरून उठून बसण्याचे पोटाचे व्यायाम, पूर्ण प्लँक, उड्या आणि खांद्यावर वजन घेऊन खोल बैठका. यांतले काहीही कायमचे वर्ज्य नाही. पण पोट सपाट करण्याच्या हौसेने स्त्रिया नेमके हेच प्रकार पहिल्या आठवड्यात सुरू करतात. पोट करकचून आवळणारे पट्टेही नकोत. ते दाब कमी करत नाहीत, तो खाली ढकलतात.

योगासनांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण आपल्याकडे ‘योगाने सगळे बरे होते’ आणि ‘योगामुळेच अंग खाली आले’ ही दोन्ही टोके ऐकू येतात. मार्जारासन, सेतुबंधासन, बद्धकोनासन आणि भिंतीला पाय लावून केलेली विपरीत करणी यांनी सहसा त्रास होत नाही. विपरीत करणीत किंवा कमरेखाली उशी घेऊन पडल्याने संध्याकाळचा जडपणा उतरतो. तो आराम आहे, उपचार नव्हे, आणि त्यासाठी शीर्षासनापर्यंत जायची आवश्यकता नाही. सूर्यनमस्कार घालायचे असतील तर पाय उडी मारून मागे न नेता एकेक न्यावा, साष्टांग स्थितीत गुडघे आधी टेकवावेत, आणि श्वास रोखण्याची सूचना जेथे असते तेथे तो रोखू नये. बारा घालायची सवय असेल तर दोन घालून पाहावेत. मालासनात म्हणजे खोल उकिडव्या बैठकीत योनिमुख सर्वांत अधिक उघडते, त्यामुळे अंग कडेशी आलेल्या स्त्रीने तेथे थांबून राहू नये. कपालभाती आणि भस्त्रिका यांत पोटाला वारंवार झटके बसतात. तळावर पकड येईपर्यंत ते थांबवावे आणि अनुलोम-विलोम व भ्रामरी करावी, असे माझे मत आहे. उड्डियान बंधाशी, म्हणजे श्वास सोडून पोट आत-वर ओढून धरण्याशी, नाते सांगणारी एक पद्धत बेल्जियमच्या मार्सेल कॉफ्रिए यांनी १९८० च्या दशकात मांडली आणि ती आता व्हिडिओंतून ‘खात्रीचा उपाय’ म्हणून फिरते. चाचण्यांत ती तळाच्या नेहमीच्या व्यायामापेक्षा सरस ठरलेली नाही, म्हणून तिला पूरक समजावे, पर्याय समजू नये.

श्रावण आला की मंगळागौरीच्या खेळांच्या तालमी सुरू होतात, आणि त्यात चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रिया मोठ्या हौसेने उतरतात. त्या आनंदापासून कुणी वंचित राहू नये. झिम्मा आणि साधे फेर सांभाळून खेळता येतात. बसफुगडीत मात्र उकिडवे बसून उड्या मारायच्या असतात, म्हणजे मोकळे योनिमुख आणि आघात दोन्ही एकत्र येतात. ती या दुखण्यात टाळावीच. ढोलपथकात वाजवणाऱ्या मुलींविषयीही हे सांगावेसे वाटते. कमरेला करकचून बांधलेला ढोल पोटावर दाब देतो आणि तासन्‌तास उभे राहणे त्यात भर घालते, म्हणून बाळंतपणानंतर पथकात परतताना घाई करू नये.

सहावी पायरी: वाढ आणि नोंद

एका साध्या वहीत रोज तीन वेळा जडपणाला शून्य ते दहा यांपैकी गुण द्यावेत: व्यायामाआधी, व्यायामानंतर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. व्यायामानंतर थोडा जडपणा आला आणि अर्धा तास आडवे झाल्यावर उतरला तर तेवढा व्यायाम सोसतो असे धरावे. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो टिकला, अंग अधिक बाहेर आल्याचे जाणवले, किंवा लघवी गळू लागली, तर आधीच्या पायरीवर परतावे आणि आठवडाभर तेथेच राहावे. एका आठवड्यात एकच गोष्ट बदलावी. चालण्याचा वेळही वाढवला, वजनही वाढवले आणि नवे आसनही घेतले, तर त्रास कशाने झाला हे कळत नाही. आधी आवर्तने आठावरून बारावर न्यावीत, मग वजन वाढवावे. पाळीच्या दिवसांत किंवा सर्दी-खोकल्याच्या आठवड्यात त्रास वाढला तर तो अपयश मानू नये. तेवढे दिवस भार कमी करावा.

चालतानाच अंग बाहेर येत असेल तर पेसरीविषयी विचारावे. ही सिलिकॉनची कडी डॉक्टर मापाने बसवतात. ती आतून आधार देते. काही स्त्रिया ती केवळ व्यायामाच्या वेळी घालतात आणि नंतर काढून धुऊन ठेवतात. ती म्हाताऱ्या स्त्रियांसाठीच असते हा गैरसमज आहे. योग्य मापाची पेसरी चालताना जाणवत नाही. टोचत असेल किंवा निसटत असेल तर माप बदलून घ्यावे, आणि सांगितलेल्या तारखेला तपासणीस जावे, कारण दुर्लक्ष झाल्यास आत जखम होऊ शकते.

बाळंतपणानंतर, पाळी गेल्यावर, शस्त्रक्रियेनंतर

बाळंतपणानंतर टाक्यांचे दुखणे सोसेल तसे हलके आवळणे पहिल्या दिवसांतच सुरू करता येते, चालणेही घरातल्या घरात वाढवता येते. धावणे आणि उड्या मात्र किमान तीन महिन्यांनी, आणि तेही लक्षणे नसतील तरच. ओली बाळंतीण असताना जाणवणारा सैलपणा पुढच्या काही महिन्यांत बराच भरून येतो, म्हणून सहाव्या आठवड्यातील स्थिती कायमची समजू नये.

पाळी गेल्यानंतर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते. व्यायाम करताना घासल्यासारखे, जळजळल्यासारखे वाटते. त्यासाठी इस्ट्रोजेनचे स्थानिक मलम उपयोगी पडते. ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे, विशेषतः स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर.

सोळा आठवड्यांचा नेम प्रामाणिकपणे होऊनही त्रास तसाच राहिला तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यात कमीपणा नाही. गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी रूढ केल्या आणि त्या आजही त्यांच्या नावांनी ओळखल्या जातात, त्यामुळे ‘पिशवी काढणे’ हा एकच मार्ग आहे असे समजून भिऊ नये. आपल्याला कोणती शस्त्रक्रिया योग्य ठरेल हे सर्जनना मोकळेपणाने विचारावे. शस्त्रक्रियेनंतर घरात चालणे लवकर सुरू होते, पण जड उचलणे किमान सहा आठवडे, आणि काही सर्जनच्या मते त्याहून अधिक काळ, थांबवावे लागते. त्या काळात शौच मऊ ठेवणे आणि खोकताना उशी पोटाशी धरणे एवढेच काम असते. सर्जनची परवानगी मिळाली की पुन्हा दुसऱ्या पायरीपासून, पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, श्वास सोडत, आठ आवळण्यांनी सुरुवात करावी.